व्हॅम्पायरच्या पंगतीत बसायचंय. हातांचं काय करू?

उत्तराकाकू

नमस्कार मंडळी. प्रश्न हसण्यासारखा आहे, हसा, पण उत्तरही द्या.

माझा भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने आणि त्याच्या चार मित्रांनी बारा मिनिटांची व्हॅम्पायरची फिल्म करायला घेतलीय. बाळीवेशीजवळ एका मित्राच्या आजोबांचा जुना वाडा आहे. तिथे या शनिवार-रविवारी रात्रभर शूटिंग. गोष्ट अशी : वाड्यात लग्नाची पंगत बसलीय. दारात एक अनोळखी पाहुणा येऊन उभा राहतो. व्हॅम्पायरला म्हणे कुणी बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही. पण सोलापुरातलं घर ते. आतून कुणीतरी सवयीने म्हणतं, "या की, बसा." झालं कल्याण.

पंगतीला माणसं हवीत म्हणून मी, आमचे हे, शेजारच्या दोघी जावा आणि वाड्यातले भाडेकरू असे सगळे 'मॉब' झालोय. पहिल्या रात्री जेवायचं. दुसऱ्या रात्री आम्ही सगळे 'झालेलो' असतो आणि चौकात भिंतीला पाठ लावून नुसते उभे असतो. दोन्ही ठिकाणी एक अक्षर बोलायचं नाही.

जेवताना हात गुंतलेले असतात. उभं राहिल्यावर काय करायचं त्यांचं? काल आरशासमोर करून पाहिलं. पदर धरला तर गाऱ्हाणं घेऊन आल्यासारखी दिसते, मागे बांधले तर मुख्याध्यापिका, पुढे जोडले तर आरतीला आलेली. नुसते सोडले तर ते माझे वाटतच नाहीत. तीस वर्षं पोस्टात काउंटरला काढली, रिकाम्या हातांची सवय नाही. भाचा म्हणतो, "मावशी, नॅचरल राहा." मेलेल्या बाईनं नॅचरल राहायचं म्हणजे कसं?

कडकभाकरी

मी पयला! काकू, मेनू काय आहे ते आधी सांगा. आम्ही पण मॉब.

अवांतरराव

पटकथेत भलंमोठं भोक आहे. सोलापुरात पान वाढलं की शेंगाचटणी आली. शेंगाचटणी आली की लसूण आला. तुमचा व्हॅम्पायर उंबऱ्यावरच शिंकून परत जाईल.

कडकभाकरी

अवांतरराव, आमच्यात लग्नाच्या पंगतीला कांदा-लसूण चालत नाही. म्हणूनच त्यानं लग्नघर गाठलंय. बेरकी आहे.

मंद्रसप्तक

काकू, प्रश्न अजिबात हसण्यासारखा नाही. राज्य नाट्य स्पर्धेत बावीस वर्षं गर्दीत उभा राहिलोय. सैनिक, गावकरी, पंच, एकदा तर झाड. नवशिक्याचे हातच सगळ्यात आधी खोटं बोलतात.

माझा अनुभव असा की 'हात कसे ठेवू' असा विचार केला की संपलं. त्याऐवजी या क्षणाच्या जरा आधी तुम्ही काय करत होता ते ठरवा. पाणी भरून आलात? पोळ्या लाटून उठलात? हातांना ते आठवत असतं, बाकीचं ते बघून घेतात. झपाटलेली बाई असली तरी ती कालपर्यंत कुणीतरी होतीच ना.

बाकी किरकोळ. कॅमेऱ्याकडे चुकूनही बघायचं नाही. पंगतीत 'आपसात बोला' म्हणतील तेव्हा आवाज काढायचा नाही, कारण मुख्य पात्राचा संवाद माइकवर घेत असतात. फक्त ओठ हलवायचे. इंग्रजी रंगभूमीवर गर्दीतले लोक 'रुबार्ब, रुबार्ब' पुटपुटतात. ती एक भाजी आहे. आम्ही पाढे म्हणायचो. मात्र एकोणतीसचा घेऊ नका, कपाळाला आठ्या पडतात. आणि कुठल्या हाताने पेला उचलला ते लक्षात ठेवा. तोच प्रसंग चार कोनांतून घेतात, पेला हात बदलत फिरला तर एडिटिंगला बसणाऱ्याचे शिव्याशाप लागतात.

दाढदुखी

पेशाने दंतवैद्य. सुळे कुणाला लावणार असतील तर वाचा. बाजारात खेळण्यातले प्लास्टिकचे मिळतात, ते तोंडात घातले की माणूस व्हॅम्पायर न दिसता घोडा दिसतो. दाताचं माप घेऊन ॲक्रिलिकची टोपी करून घ्या, नाहीतर गरम पाण्यात मऊ होणारे प्लास्टिकचे दाणे मिळतात, त्यांची स्वतः करा. बसवायला कवळीची पेस्ट चालते. झटपट चिकटणारा गोंद कदापि नको. असला एक पेशंट मी पाहिलाय, अडीच तास लागले. सुळे लावले की स, श, त, थ घसरतात आणि लाळ गळते. त्यामुळे व्हॅम्पायरला संवाद कमी द्या, रुबाब टिकतो.

पूर्वभाग

काकू, आवाजाचं काय ते बघून ठेवा ओ. आमच्या पोरांनी मागल्या साली आमच्याच गल्लीत एक शॉर्ट फिल्म केली. हिरो रडूलालाय, मागून मागाची खटखट खटखट. रात्री दोनला पण चालूच. शेवटी हिरो मागावरचा कामगार हाय असं दाखवले. ष्टोरीच बदलली. पण आवाज खरा आला, ते मात्र लई भारी झालं.

तळ्याकाठी

मे महिन्यात? दिवसा ४२-४३ अंश, रात्री भिंती हात लावता येत नाहीत अशा तापलेल्या. त्या बिचाऱ्या व्हॅम्पायरला काळा कोट घालणार का?

भाच्याला अजून एक सांगा. भुईकोट किल्ल्यात शूटिंगचा विचार असेल तर सोडून द्या. तो केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, आत कॅमेरा लावायला रीतसर परवानगी लागते, ती दोन दिवसांत मिळत नाही. बाहेर रस्त्यावरून तटबंदीचा एखादा शॉट घेता येईल.

निशाचर१३

थोडा इतिहास, कारण नंतर कुणीतरी 'उन्हात मरतो' म्हणणारच. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीतला ड्रॅक्युला भर दिवसा लंडनमध्ये फिरतो. उन्हाने त्याची शक्ती कमी होते, तो मरत नाही. उन्हात विरघळून जाणं आलं १९२२ च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटातून. गंमत म्हणजे तो कादंबरीवरून विनापरवानगी काढलेला. स्टोकरच्या विधवेने दावा लावला, कोर्टाने सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितल्या, तरी काही वाचल्या. तेव्हा ज्याला आपण हजारो वर्षांची दंतकथा समजतो ती चोरीच्या सिनेमातली आहे.

अवांतरराव

सोलापूरच्या उन्हात मरायला व्हॅम्पायर असावं लागत नाही.

आणि तो वाहतं पाणी ओलांडू शकत नाही ना? मग आमच्याकडे निवांत राहील. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड.

सविताताई

आपल्याकडे वेताळ असताना व्हॅम्पायर कशाला, असा माझा भाबडा प्रश्न. मातीतलं भूत घ्या की.

निशाचर१३

ताई, वेताळ रक्त पीत नाही. तो प्रेतात शिरतो, झाडाला उलटा लटकतो आणि कोडी घालतो. घोळ इंग्रजांनी केला. रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या आणि पुस्तकाच्या नावातच वेताळाला 'व्हॅम्पायर' करून टाकलं.

सविताताई

मान्य. पण मुंजा, हडळ, खवीस, समंध? एवढी मोठी बिरादरी बेकार बसलीय.

कडकभाकरी

वेताळ घेतला तर तो पंगतीत प्रश्न विचारेल आणि उत्तर दिलं की परत झाडावर. काकू आणि मंडळी मरणारच नाहीत. फिल्म चार मिनिटांत खलास.

हिशेबी

सगळे मजेत आहात, मी जरा विरजण घालतो. मुंबईत असताना दोन वर्षं ज्युनिअर आर्टिस्ट म्हणून कामं केली. दोन रात्री जागायचं, घरचे कपडे वापरायचे, तेही फुकट? 'हौस' या शब्दाखाली खूप फुकटचं काम खपतं. निदान जेवण, घरी सोडायची सोय आणि श्रेयनामावलीत पूर्ण नाव, हे आधी कबूल करून घ्या. आणि चेहरा वापरायची लेखी संमती तुम्ही देताय ती वाचून द्या.

मंद्रसप्तक

हिशेबी, तत्त्व पटतं. पण पोरांनी खिशातले पैसे काढून केलेल्या फिल्मला मुंबईचे नियम कसे लावायचे? तिथे कुणी कमवत नाही.

हिशेबी

कुणी कमवत नाही हे सगळे आधी म्हणतात. मग ती फिल्म स्पर्धेला जाते, दिग्दर्शकाला पुढचं काम मिळतं आणि मॉबची आठवण कुणाला नसते. मी पैसे मागा म्हणत नाहीये. नाव मागा म्हणतोय.

पाकसिद्धी

रक्ताचं कुणी विचारलं नाही, तरी सांगते. साखरेचा एकतारी पाक, त्यात खायचा लाल रंग, चिमूटभर कोको पावडर, दाट हवं तर कॉर्नफ्लोअरची पातळ पेज. नुसता लाल रंग घातला तर सरबत दिसतं, तपकिरी छटा कोकोने येते. बीट वापरू नका, तासाभरात मळकट होतं. कुंकू, होळीचा रंग तोंडाजवळ अजिबात नको. पूर्वी काळं-पांढरं असताना सोपं होतं. हिचकॉकच्या 'सायको'मध्ये न्हाणीघरात वाहतं ते चॉकलेट सिरप आहे.

उत्तराकाकू

अरे बापरे, केवढे प्रतिसाद! सगळं वहीत लिहून घेतलंय. हिशेबी, भाच्याला नावाचं विचारलं. म्हणाला, "मावशी, तुझं नाव नाही टाकलं तर आई मला घरात घेईल का?" पाकसिद्धी, साखरेऐवजी गूळ चालेल का? घरात ढेप आहे.

पाकसिद्धी

चालेल, रंगही छान येईल. पण मुंग्या सांभाळा.

उत्तराकाकू

आले. दोन रात्री झोप नाही, त्यामुळे चुकलंमाकलं चालवून घ्या.

शनिवार. सातला बोलावलं, पहिला शॉट सव्वादहाला. या कामात वाट बघणं हेच मुख्य काम आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. ह्यांनी दोन सुडोकू संपवले. आमची पत्रावळ मांडली : वरणभात, बटाट्याची भाजी, जिलबी, गव्हाची हुग्गी. पहिल्या टेकला भात वाफाळत होता, सहाव्याला खडे झाले. एक मुलगी मोबाइलवर प्रत्येकाच्या पानाचा फोटो काढून ठेवत होती, 'कंटिन्युइटी'साठी, म्हणजे एका टेकातलं दुसऱ्यात बदलू नये म्हणून. दर टेकनंतर येऊन सांगायची, "काका, तुमची जिलबी मघाशी अर्धी होती, आता दिसत नाहीये." मी घास ओठापर्यंत नेऊन परत ठेवत होते. हे खरंच खात होते. सात जिलब्या. सोमवारी साखर तपासायला पाठवलंय.

आता मुख्य गंमत. 'या की, बसा' हे वाक्य वाड्याच्या मालक आजोबांना दिलं होतं. वय ८१. रिहर्सल उत्तम. पण त्यांना टेक आणि खरं यातला फरकच मान्य नाही. दारात व्हॅम्पायर येतो, "या की, बसा." बरोबर. मग लाइट धरणारा पोरगा सरकतो, त्यालाही "या की, बसा." बाहेरून चहावाला डोकावतो, त्यालाही. पाचव्या टेकला व्हॅम्पायर आत आला, सगळं जमलं, आता कट म्हणणार, तेवढ्यात आजोबा त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जेवूनच जावा." व्हॅम्पायर झालेला मुलगा कसलेला नाही, पण त्याने मान वळवून पंगतीकडे एकदा पाहिलं. हळूच. शेजारच्या जावेच्या हातातली वाटी खरंच सांडली. तोच टेक ठेवलाय. पटकथेत ते वाक्य नव्हतं.

रविवार. तोंडाला पांढरा रंग, वर टाल्कम पावडर. साडेअकरापर्यंत घामाने सगळ्यांच्या चेहऱ्यावर ओघळ. पोरं म्हणाली, छान, अजून भीतीदायक दिसतंय. धुक्यासाठी धुपाटण्यात ऊद आणि नारळाच्या शेंड्या. निम्मे मृतात्मे खोकत होते. एक वाजता लाइट गेली. कुत्री ओरडली. सगळं होऊन शेवटी अडीचला आम्हाला भिंतीशी उभं केलं, मानेला गुळाचं रक्त लावून.

पाकसिद्धी, मुंग्या. सांभाळल्या नाहीत.

भिंतीच्या फटीतून आल्या. कॅमेरा एका टोकापासून हळूहळू सरकत येणार होता, चाळीस सेकंद कुणी हलायचं नाही. एक मुंगी कानामागून निघाली, रक्तापाशी थांबली, तिथे काही वेळ तिचं काम केलं आणि मग ब्लाऊजच्या गळ्यात शिरली. मी मेलेली. मंद्रसप्तक, तेव्हा तुमचं आठवलं, जरा आधी काय करत होते ते. डोळ्यासमोर पोस्टाचं काउंटर आणलं. शाईची उशी, तारखेचा शिक्का, टपाल. उशी, टपाल. उशी, टपाल. उजवा हात खाली आपोआप चालायला लागला, बारीकसा, कुणाला दिसणार नाही इतका. मुंगी विसरले म्हणणार नाही, पण उभी राहिले.

घरी आल्यावर सासूबाईंनी दारातच मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. मग तोंड बघून म्हणाल्या, आधी धू ते.

कडकभाकरी

"जेवूनच जावा" वर खुर्चीतून पडलो. आजोबांना दंडवत. सोलापुरात व्हॅम्पायरचा खरा धोका हाच आहे, चावायच्या आधी त्याला तीन वेळा वाढतील.

पूर्वभाग

आजोबा कन्नडमध्ये "बर्री, कूड्री" म्हणाले असते तर व्हॅम्पायर आत येऊ शकला असता का बे? नियमात भाषेचं काय लिव्हलंय? आमच्या गल्लीत तर तेलुगूत बोलवावं लागतंय.

निशाचर१३

भावना पोहोचली की झालं, असा माझा अर्थ.

दाढदुखी

काकू, त्या मुलाने सुळे कशाने चिकटवले?

उत्तराकाकू

कवळीच्या पेस्टने. सासूबाईंची घेतली.

सविताताई

पोस्टर पाहिलं का कुणी? काकूंनी दुसऱ्या धाग्यावर टाकलंय. मोठ्या अक्षरात नाव 'रक्तपिती'. अहो, रक्तपिती म्हणजे महारोग! रक्त पिणारा म्हणजे रक्तपिपासू. कुणीतरी सांगा त्या पोरांना.

उत्तराकाकू

सांगितलं. पन्नास पोस्टर छापून झाली होती. आता 'पिती'वर पट्टी चिकटवतायत आणि 'पिपासू' हाताने लिहितायत.

हिरवळ

पोस्टरवरच्या वटवाघळाबद्दल एक. रक्त पिणाऱ्या वटवाघळांच्या तीनच जाती आहेत, तिन्ही मध्य आणि दक्षिण अमेरिकेकडच्या. भारतात एकही नाही. ती रक्त शोषतही नाहीत. छोटी जखम करून चाटतात, लाळेतल्या द्रव्यामुळे रक्त गोठत नाही. त्यातल्या एका द्रव्याचं नाव शास्त्रज्ञांनी 'ड्रॅक्युलिन' ठेवलंय. पोस्टरवर छापलंय ते आपलं फळं खाणारं वटवाघूळ आहे, उंबर-पिंपळाच्या फळांवर जगतं. बदनामी थांबवा.

अवांतरराव

म्हणजे शाकाहारी पंगतीला शाकाहारी वटवाघूळ. जमलंय की.

उत्तराकाकू

दोन महिन्यांनी धागा वर काढतेय, राग मानू नका. काल फिल्म दाखवली. वाड्याच्या चौकातच, चादर बांधून, प्रोजेक्टर लावून. दीडेकशे माणूस. "जेवूनच जावा" ला टाळ्या पडल्या, आणि मग व्हॅम्पायर मान वळवतो तिथे एकदम शांत.

माझं : पंगतीत ह्यांच्या जिलबीमागे माझा कान. आणि भिंतीशी चार सेकंद. पण फ्रेम छातीपासून वर आहे. हात नाहीतच. एवढा धागा काढला, तुम्ही सगळ्यांनी एवढं सांगितलं, आणि माझे हात कॅमेऱ्याच्या खाली राहिले.

हिशेबी, नाव आहे. पूर्ण. आजोबांच्या खाली.

हिशेबी

ठीक.

मंद्रसप्तक

काकू, तुम्ही दिलेल्या लिंकवर आत्ता तीनदा पाहिली. तुमच्या डाव्या-उजव्या बाजूचे सगळे मेल्यासारखे उभे आहेत, म्हणजे उगाच ताठ. तुमचा उजवा खांदा मात्र हलतोय. जरासाच. खाली काहीतरी चाललंय असं वाटतं आणि ते काय आहे हे दिसत नाही. त्या चार सेकंदांत मी बाकी कुणाकडे पाहिलं नाही.

उत्तराकाकू

मी पण पाहिलं आता. हो की. शिक्काच मारतेय.

तळ्याकाठी

भारी. आणि पडदा म्हणून लावलेली ती चादर कुणाची होती? मध्यभागी लाल डाग दिसतोय फोटोत.

उत्तराकाकू

माझी. लग्नातली, रुखवतातली, अस्सल सोलापुरी. शूटिंगच्या वेळी नवरीच्या अंगावर टाकायला नेली होती, पडद्याला उलटी लावली तरी डाग आरपार आलाय.

पाकसिद्धी

गार पाण्यात भिजवा, गरम अजिबात नको. मग व्हिनेगर लावून उन्हात. सोलापूरचं ऊन कशालाही पुरतं.

अवांतरराव

चादरीला भौगोलिक मानांकन आहे. आता डागालाही मिळवा.

कडकभाकरी

काकू, गेला का डाग?

उत्तराकाकू

व्हिनेगर आणून ठेवलं होतं. भाच्याने बाटली उचलून नेली. दुसरा भाग करतायत, म्हणतो, कंटिन्युइटीला लागेल, धुऊ नकोस.